सीपॅप मास्कमुळे चेहऱ्यावर वळ, पुरळ आणि जखमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीपॅप म्हणजे झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. मास्क बसवून देण्याच्या कामात जे रोज विचारलं जातं आणि रात्री उशिरा फोटोसकट जे मेसेज येतात, त्यांतून हे प्रश्न निवडले आहेत. चेहऱ्याला त्रास झाला म्हणून लोक मशीन कपाटात ठेवून देतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पट्ट्यांचा ताण, साइज आणि स्वच्छता एवढ्या तीन गोष्टी नीट केल्या तरी बहुतेकांचा त्रास सुटतो. मशीनचं प्रेशर मात्र स्वतःहून बदलू नका. ते डॉक्टरांचं काम आहे.

१. सकाळी मास्क काढला की गालावर आणि नाकावर वळ दिसतात. हे नॉर्मल आहे का?

हलका वळ उमटणं नेहमीचंच आहे. तोंड धुऊन चहापाणी होईपर्यंत, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासात, तो मावळायला हवा. त्यानंतरही राहिला तर बोटाने दाबून बघा. जागा फिकी पडून पुन्हा लाल झाली तर घाबरायचं कारण नाही, पण पट्टे सैल करायला हवेत. दाबूनही लाली तशीच राहिली तर ती दाबामुळे होणाऱ्या जखमेची पहिली पायरी समजा आणि त्याच रात्री काहीतरी बदला (प्रश्न २ आणि ४).

सावळ्या रंगावर लाली चटकन दिसत नाही. अशा वेळी हाताने चाचपून बघा: आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा दुखरी लागणारी जागा हीच खूण. बहुतेकदा सगळ्यात आधी बिघडतं ते नाकाचं हाड, कारण तिथे कातडी आणि हाड यांच्यामध्ये मांस जवळजवळ नसतंच.

२. पट्टे सैल ठेवले की हवा गळते, घट्ट केले की नाक दुखतं. नेमके किती आवळायचे?

बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. कुशन म्हणजे मास्कचा चेहऱ्याला टेकणारा मऊ भाग. सिलिकॉनच्या बऱ्याचशा कुशनना दोन पदर असतात. चेहऱ्याकडचा पदर अगदी पातळ असतो. मशीनची हवा त्याच्या मागे भरते, तो फुगतो आणि चेहऱ्यावर अलगद टेकतो. हवा अडवण्याचं काम हा फुगलेला पदर करतो. पट्टे आवळले की तो चपटा होतो, आतला जाड पदर थेट कातडीवर रुततो, कुशनच्या कडेला चुण्या पडतात आणि त्या चुण्यांतूनच हवा आणखी गळू लागते. मग माणूस आणखी आवळतो. महिनाभरात नाकावर जखम होते आणि गळती होती तिथेच राहते.

मास्क बसवायची पद्धत अशी ठेवा. रात्री ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर आडवे व्हा आणि मशीन चालू करा. बसून, मशीन बंद ठेवून बसवलेला मास्क आडवं झाल्यावर हलतो, कारण गाल आणि जबडा यांची ठेवण बदलते. सगळे पट्टे सैल सोडा. मास्क चेहऱ्यापासून सरळ पुढे बोटभर ओढा, कुशन फुगू द्या आणि हळूच परत टेकवा. आता दोन्ही बाजूंचे पट्टे सारखे आणि थोडे थोडे ओढा. गळती थांबली की तिथेच थांबा. पट्ट्याखाली एक-दोन बोटं सहज जायला हवीत. कपाळावर टेकू असलेला मास्क असेल तर तो टेकू एखादी खाच हलवून बघा, नाकाच्या हाडावरचा भार त्याने लगेच बदलतो.

मशीनचं प्रेशर पाण्याच्या ४ ते २० सेंटिमीटर या टप्प्यात असतं. ऑटो मशीन, म्हणजे प्रेशर आपोआप बदलणारं, सुरुवातीला कमी प्रेशर देतं आणि झोपेत श्वास अडकू लागला की ते वाढवतं, म्हणून संध्याकाळी ठीक वाटलेला मास्क पहाटे गळतो. बऱ्याच मशीनमध्ये 'मास्क फिट' नावाची सोय असते. त्यात थोडा वेळ जास्त प्रेशर सोडलं जातं. पट्टे त्या वेळी जुळवा.

मास्कच्या पुढच्या बारीक छिद्रांतून येणारी हवा ही गळती नव्हे. उच्छ्वास तिथूनच बाहेर जातो, ती छिद्रं कधीही झाकू नका. डोळ्यांकडे येणारा झोत मात्र सहन करू नका, त्याने डोळे कोरडे आणि लाल होतात.

सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये सीपॅपबद्दल पहिल्यांदा लिहिलं, तेव्हाच्या रुग्णांना मास्क रोज रात्री सिलिकॉनच्या चिकट द्रव्याने नाकावर चिकटवून घ्यावा लागे. आज ते काम फुगणारं कुशन करतं. त्याला फुगायला जागा तेवढी ठेवायची.

३. मास्कचा साइज चुकलाय हे कसं ओळखायचं?

प्रश्न २ प्रमाणे सगळं करूनही गळती थांबत नसेल तर साइजचा किंवा प्रकाराचा दोष धरा. नाकाच्या मास्कची कड नाकपुड्यांना चिमटा काढत असेल तर तो लहान आहे. वरची कड डोळ्यांच्या कोपऱ्यांकडे जात असेल तर मोठा. फुल फेस, म्हणजे नाक आणि तोंड दोन्ही झाकणाऱ्या, मास्कचं माप तोंड किंचित उघडं ठेवून घ्यायला हवं, कारण झोपेत जबडा खाली येतो. कवळी काढून झोपत असाल तर माप कवळी काढूनच द्या. वजन बरंच कमी-जास्त झालं असेल तर जुनं माप विसरा.

नाकाच्या हाडावरच सगळा त्रास असेल तर हाडाला न टेकणारे, नाकाखालून बसणारे मास्क मिळतात, फुल फेसमध्येसुद्धा. बहुतेक दुकानदार वापरलेला मास्क परत घेत नाहीत, म्हणून विकत घेण्याआधी दुकानात मशीन लावून, आडवं होऊन बघू द्या असा आग्रह धरा. पेसमेकर किंवा शरीरात धातूचं काही बसवलेलं असेल तर चुंबकाच्या क्लिपा असलेला मास्क घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. शेजारी झोपणाऱ्या माणसाला पेसमेकर असेल तरीही विचारा.

४. नाकावरची कातडी निघाली आहे. आज रात्री मशीन लावू की नको?

जखमेवर तोच मास्क पुन्हा दाबून बसवू नका, पण उपचारही सोडून देऊ नका. मशीन थांबलं की श्वास अडकणं एक-दोन रात्रींतच परत सुरू होतं. वाट काढायची ती अशी, की जखमेला न टेकणारा दुसरा मास्क वापरायचा. त्यासाठी मी सगळ्यांना सांगते की दोन वेगळ्या आकारांचे मास्क घरात असू द्या आणि आलटून-पालटून लावा. एकाच जागेवर रोज भार पडत नाही. दुसरा मास्क नसेल तर सकाळीच डॉक्टरांना किंवा मशीन देणाऱ्यांना फोन करा.

कातडी नुसती लाल किंवा वरवर सोलवटलेली असेल तर हायड्रोकोलॉइड पट्टी (जखमेचा ओलावा धरून ठेवणारी चिकट पट्टी) उपयोगी पडते. मोठ्या मेडिकलमध्ये ती मिळते. जखमेपेक्षा सगळीकडून बोटभर मोठा तुकडा कापा, कोपरे गोल करा म्हणजे कडा उचलल्या जात नाहीत. तळहातांत धरून जरा गरम करा आणि कोरड्या, तेलकट नसलेल्या कातडीवर चिकटवा. रोज सकाळी उपटू नका. नीट चिकटलेली असेल तर दोन-तीन दिवस राहू द्या आणि काढताना आडवी ताणत काढा. पट्टी लावल्यावर मास्क पुन्हा जुळवावा लागतो, कारण नाकाची उंची किंचित वाढलेली असते. पू असलेल्या जखमेवर ही पट्टी लावू नका.

कापसाचा बोळा आणि चिकटपट्टी हा घरगुती उपाय खूपजण करतात. कापूस घाम धरतो, त्याचे धागे जखमेत जातात आणि भार आणखी एका ठिकाणी जमतो. उघड्या जखमेवर हळदही नको. मधुमेह असलेल्यांनी अशी जखम घरी सांभाळत बसू नये, त्याच आठवड्यात दाखवावी.

५. मास्क टेकतो तिथेच खाज आणि बारीक पुरळ येते. मला सिलिकॉनची ॲलर्जी आहे का?

असू शकते, पण वैद्यकीय सिलिकॉनची ॲलर्जी फार कमी लोकांना असते. आधी तीन साध्या गोष्टी तपासा: कुशनवर राहिलेला साबण, रात्रभर साचलेला घाम आणि चेहऱ्याचं तेल. नवा मास्क न धुता लावला असेल तर तेही.

मग पुरळ नीट आरशात बघा. ती कुशनच्या आकाराची आहे की पट्ट्यांच्या? गालावरून कानामागे आणि मानेकडे जाणारा पट्टा उमटला असेल तर संशय हेडगिअरवर, म्हणजे डोक्यावरच्या पट्ट्यांवर, घ्या. काही पट्ट्यांत निओप्रीन नावाचं कृत्रिम रबर असतं, आणि ते बनवताना वापरलेल्या रसायनांची ॲलर्जी त्वचारोगतज्ज्ञांच्या परिचयाची आहे. कधी रंगाची असते, तर कधी पट्टे ज्या पावडरने धुतले तिची. खात्री करायची तर पॅच टेस्ट. पाठीवर चिकटवलेले नमुने ४८ तासांनी काढून बघतात आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासतात. जाताना मास्क आणि पट्टे सोबत न्या, त्यांचेच तुकडे टेस्टमध्ये घेता येतात.

६. मास्क रोज धुवायचा का, आणि कशाने?

कुशन रोज. सकाळी उठल्यावर कोमट पाणी आणि सौम्य, बिनवासाचा साबण किंवा लहान बाळांचा शाम्पू. बोटांनी चोळा, कडेच्या खाचेत साचलेला मेणचट थर निघेपर्यंत, आणि वाहत्या पाण्याखाली भरपूर खळबळून घ्या. सावलीत वाळवा, कारण उन्हाने सिलिकॉन पिवळं आणि कडक होतं. पट्टे आठवड्यातून एकदा हाताने धुवा. फोमची कुशन पाण्यात बुडवायची नसतात, त्यांच्या डब्यावरची सूचना पाळा.

डेटॉल, स्पिरिट, सॅनिटायझर, ब्लीच, व्हिनेगर यांपैकी काहीही नको. कातडीही भाजते आणि कुशनही चिरतं. ओझोनने 'निर्जंतुक' करणारी यंत्रं ऑनलाइन विकली जातात. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०२० मध्ये त्यांच्याबद्दल सावध केलं होतं, आणि मी ती कुणालाही घ्यायला सांगत नाही.

रात्री मास्क लावण्याआधी तोंड धुणं हे मास्क धुण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

७. झोपताना खोबरेल तेल, तूप, व्हॅसलिन किंवा क्रीम लावलं तर चालेल का?

मास्क टेकतो त्या जागेवर नको. तेलाने सिलिकॉन हळूहळू सुजतं, बुळबुळीत होतं, मास्क घसरतो आणि मग पट्टे आवळले जातात. पुढचं प्रश्न २ मध्ये आलंच आहे. कोरड्या कातडीसाठी मॉइश्चरायझर सकाळी मास्क काढल्यावर लावा. रात्री लावायचंच असेल तर पाण्यात विरघळणारं, बिनवासाचं, आणि झोपण्याच्या तासभर आधी, म्हणजे ते मुरतं.

डोक्याला तेल लावायची सवय असेल तर तेही पट्ट्यांत मुरतं. पट्टे सैलावतात, मानेवर आणि कपाळाच्या कडेला पुटकुळ्या येतात. तेल सकाळी लावा, अंघोळीआधी.

मशीनला ऑक्सिजन जोडलेला असेल तर तेल, तूप, व्हॅसलिन चेहऱ्यावर अजिबात लावू नका. ऑक्सिजनच्या जोडीला तेलकट पदार्थ आगीला निमंत्रण देतात.

८. मेडिकलवाल्याने दिलेल्या मलमाने दोन दिवसांत आराम पडला. तेच चालू ठेवू का?

आधी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. खाज लगेच थांबते, म्हणून ते गुणकारी वाटतं. चेहऱ्यावर आठवडेच्या आठवडे लावलं तर कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमं उठतात, आणि पुरळ मुळात बुरशीची असेल तर ती आतल्या आत पसरते. पातळ झालेल्या कातडीवर मास्कचा साधा भारही जखम करतो. स्टेरॉइडसोबत अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेली मलमं तर घराघरांत सापडतात.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने चेहऱ्यावर सर्रास वापरली जाणारी अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. तरी ती मिळतात, हे तुम्हालाही माहीत आहे. बरेच दिवस लावत असाल तर एकदम बंद केल्यावर आग आणि लाली उसळू शकते, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांना ट्यूब दाखवून त्यांच्या सल्ल्याने सोडा.

९. पावसाळ्यात त्रास वाढतो, असं का?

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हवा आधीच दमट असते. त्यात ह्युमिडिफायर (मशीनची हवा ओलसर करणारा भाग) हिवाळ्याच्याच आकड्यावर ठेवला तर नळीत आणि मास्कमध्ये पाणी जमतं, कातडी रात्रभर ओली राहते आणि ओली कातडी लवकर सोलवटते. ह्युमिडिफायरचा आकडा एक-दोनने कमी करा. बाहेर दमट पण खोलीत एसी असेल तर उलट नळीवर कापडी कव्हर घाला, म्हणजे ती गार पडून आत पाणी सुटत नाही. पट्टे पंख्याखाली पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका. दुसरा जोड असला तर उत्तम.

१०. दाढीमुळे त्रास होतो का? काढावीच लागेल का?

काढायलाच हवी असं नाही. सगळ्यात वाईट ते दोन-तीन दिवसांचे खुंट, ते कुशनला आणि कातडीला दोन्हीकडून घासतात. रोज दाढी करत असाल तर रात्रीऐवजी सकाळी करा, म्हणजे ताज्या ओरखड्यांवर मास्क बसत नाही. पूर्ण दाढी राखायची असेल तर नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकणारा पिलो मास्क सोपा जातो (प्रश्न १३).

११. चमकी, नथ, टिकली ठेवून मास्क लावला तर?

रात्री नथ तर कुणी घालत नाही, पण चमकी सहसा काढली जात नाही. ती कुशनच्या कडेखाली येत असेल तर मागचा मळसूत्री फिरकीचा भाग आतून आणि खडा बाहेरून, असा दोन्हीकडून नाकपुडीला रुततो. छिद्राभोवती सूज आणि पू होतो. नवं टोचलेलं नाक असेल तर ते पूर्ण भरेपर्यंत पिलो किंवा त्या बाजूला न टेकणारा मास्क घ्या. जुनी असेल तर रात्री काढून ठेवा. छिद्र बुजेल ही भीती वर्षानुवर्षांच्या छिद्राला सहसा लागू होत नाही. काढायची इच्छा नसेल तर आम्हाला तसं सांगा, चमकीला वळसा घालणारा मास्क शोधता येतो. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

टिकलीचा गोंद हा वेगळा विषय आहे. कपाळाच्या टेकूखाली खाज किंवा पांढरट डाग दिसला की दोष मास्कला दिला जातो. चिकट टिकलीच्या गोंदातल्या एका रसायनामुळे कातडीचा रंग जाऊ शकतो, हे त्वचारोगतज्ज्ञांना चांगलं ठाऊक आहे. डाग बरोबर टिकलीच्या जागी आणि तिच्याच आकाराचा असेल तर टिकली बंद करा आणि दाखवून घ्या. रात्री कपाळ स्वच्छ धुऊन मगच मास्क लावा.

१२. जुन्या सुती साडीचा तुकडा कुशनखाली घातला तर चालेल?

घाम टिपायला आणि सिलिकॉन थेट लागू नये म्हणून याचा फायदा होतो. बाजारात तयार लायनर मिळतात, पण मऊ, अनेकदा धुतलेला सुती तुकडाही चालतो. एकच पदर ठेवा, मध्ये नाक-तोंडासाठी मोठी जागा कापा, कडेला शिवण किंवा काठ येऊ देऊ नका कारण तोच रुततो. कापडाने हवेची छिद्रं झाकली जाता कामा नयेत. रोज नवा तुकडा घ्या. कापड घातल्यावर गळती वाढली तर मशीनवरचा आकडा बघा. फार वाढत असेल तर सोडून द्या, काही मास्क कापडावर बसतच नाहीत.

१३. पिलो मास्कने नाकपुड्या आतून सोलल्या आहेत.

साइज लहान आहे किंवा पिलो तिरकी बसते आहे. नाकपुडीत घट्ट खुपसायची नसते, तिच्या तोंडाशी टेकवायची असते. ह्युमिडिफायर एका आकड्याने वाढवा, नाकात मिठाच्या पाण्याचं जेल लावा. व्हॅसलिन आत लावत राहू नका.

१४. मुरुमं आणि नाकाच्या कडेला कोंडा धरल्यासारखं होतं. मास्कमुळेच ना?

मास्क निमित्त असतो, आजार आधीचा असतो. घर्षण आणि घामामुळे मुरुमं वाढतात. नाकाच्या बाजूच्या घडीत, भुवयांत तेलकट पापुद्रे धरत असतील तर तो सेबोऱ्हिक डर्माटायटिस असण्याची शक्यता बरीच, आणि त्यावर बुरशीविरोधी औषध डॉक्टर देतात. ओठाच्या कडेला आधी झिणझिण्या आणि मग पाणीदार फोडांचा झुबका आला तर ती हर्पिस असू शकते. त्या दिवसांत मास्क दुसऱ्या कुणी हाताळू नये.

१५. जखम भरली, पण काळा डाग राहिला. जाईल का?

आपल्या रंगाच्या कातडीवर जखमेनंतर काळेपणा राहतोच. तो काही महिन्यांत फिका होतो, पण दोन अटींवर: भार पुन्हा त्याच जागी पडू नये, आणि दिवसा सनस्क्रीन लावावं. लिंबू, बेकिंग सोडा चोळू नका. गोरेपणाच्या क्रीममध्ये प्रश्न ८ मधलं एखादं स्टेरॉइड नाही ना, ते बघा.

१६. मला कोड आहे. मास्कच्या जागी नवे डाग येतील का?

कोड सक्रिय असताना घासल्या किंवा दबल्या जाणाऱ्या जागी नवे डाग येऊ शकतात. मास्क बंद करू नका. कमीत कमी जागेला टेकणारा प्रकार निवडा, पट्ट्यांखाली मऊ कापडी कव्हर घाला आणि तुमच्या त्वचारोगतज्ज्ञांना मशीनबद्दल आवर्जून सांगा.

१७. मशीनच्या आतल्या फोममुळे कातडीला त्रास होतो, असं ऐकलं. खरं का?

फिलिप्स कंपनीने जून २०२१ मध्ये सीपॅप आणि बायपॅपची (श्वास घेताना आणि सोडताना वेगवेगळा दाब देणारं मशीन) अनेक मॉडेल्स परत बोलावली, कारण आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला फोम कालांतराने झिजून कण आणि वायू सुटू शकत होते. संभाव्य त्रासांच्या यादीत कातडी, डोळे आणि श्वसनमार्गाची जळजळ होती. तुमचं मशीन त्याआधीचं किंवा जुनं विकत घेतलेलं असेल तर सीरियल नंबर कंपनीकडे तपासून घ्या. नळीत काळे कण दिसणं, खोकला, डोकेदुखी असेल तर डॉक्टरांशी बोला. पुरळ फक्त मास्क टेकतो तिथेच असेल तर उत्तर बहुधा प्रश्न ५ मध्येच आहे.

१८. कुशन किती दिवसांनी बदलायचं? परवडत नाही.

अमेरिकेत मेडिकेअर ही सरकारी आरोग्य विमा योजना नाकाच्या मास्कचं कुशन महिन्यातून दोनदा आणि फुल फेसचं महिन्याला एक देतं. आपल्याकडे बहुतेकांना खिशातून घ्यावं लागतं, त्यामुळे तारखेपेक्षा कुशनची अवस्था बघा: ते पिवळं, कडक, चिरलेलं झालं किंवा धुतल्यावरही चिकट राहिलं तर बदला. बऱ्याच मास्कचं नुसतं कुशन सुटं मिळतं, पूर्ण मास्क घ्यायची गरज नसते. पट्टे सैलावले की तेवढेच बदला.

१९. डॉक्टरांकडे लगेच कधी जायचं?

नाक किंवा वरचा ओठ सुजून लाल-गरम झाला, पू आला, ताप आला, किंवा सूज डोळ्याकडे सरकली तर त्याच दिवशी. या भागातला संसर्ग अंगावर काढू नये. जखमेत पिवळा किंवा काळा थर दिसला, किंवा आठवडाभरात ती भरायला लागली नाही, तरीही जा.

२०. वडील दिवस-रात्र बायपॅपवर आहेत आणि दुखतं हे सांगू शकत नाहीत. काय बघायचं?

इथे जबाबदारी तुमची. हायड्रोकोलॉइड किंवा सिलिकॉन फोमची पट्टी जखम व्हायच्या आधीच नाकावर लावायची का, हे डॉक्टरांना विचारा. मास्क किती वेळ काढलेला चालेल हेही त्यांच्याकडूनच ठरवून घ्या, आणि त्या वेळांत दर वेळी नाकाचं हाड, गाल, कानामागची जागा आणि पट्ट्यांखालची मान बघा. म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी पातळ असते, काल ठीक दिसलेली जागा आज उघडी पडू शकते. रोज एकाच उजेडात मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ते सारखा मास्कला हात लावत असतील तर हात बांधण्याआधी मास्कखाली बघा, बहुतेकदा तिथे दुखरी जागा सापडते.

२१. मुलीला सात वर्षांपासून मास्क आहे. चेहऱ्याच्या वाढीवर परिणाम होतो का?

वाढत्या वयात वर्षानुवर्षं मास्कचा भार पडला तर चेहऱ्याचा मधला भाग, म्हणजे वरचा जबडा आणि गालाची हाडं, मागे राहू शकतात. म्हणून मुलांमध्ये पट्टे सैल ठेवणं, मास्कचे प्रकार आलटून-पालटून वापरणं आणि माप दर काही महिन्यांनी पुन्हा घेणं मोठ्यांपेक्षाही जास्त गरजेचं आहे. दातांच्या डॉक्टरांकडे नियमित नेऊन जबडा तपासून घ्या आणि बाजूने काढलेले फोटो तारखेसह जपून ठेवा. बदल दिसला तर झोपेच्या आजाराचे डॉक्टर आणि दातांचे डॉक्टर या दोघांनी मिळून पुढचं ठरवायला हवं.